वीसच्या मॅगझीनमध्ये अठरा

देवमन,

हे पत्र पोचायचं नाही हे मला माहीत आहे. तू जिवंत होतास तेव्हाही फोनवर "हं" आणि "बरं काकू" यापलीकडे कधी गेला नाहीस, त्यामुळे उत्तर न येण्याची मला सवय आहे. तुझ्या पुण्यानुमोदनाला लोक एकेक करून उठले आणि बोलले. शांत माणूस, सरळ माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. असं कोणाबद्दलही बोलता येतं. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते आणि माझा पारा चढत होता. तू अमरावतीला पोलिसांचं शस्त्रागार सांभाळलंस, रायफली दुरुस्त केल्यास, आणि एका गोष्टीवरून साहेबांपासून मेव्हण्यापर्यंत सगळ्यांशी वाकडं घेतलंस, हे कोणी सांगितलंच नाही. गस्तीवर जाणाऱ्या पोलिसाच्या रायफलीला मॅगझीन केवढं असावं, आणि त्यात राऊंड, म्हणजे काडतुसं, किती भरावेत, ही ती गोष्ट. तू म्हणायचास वीसचं, आणि त्यात अठरा. लोकांना ही फार लहान बाब वाटते. तुझा जीव तिच्यात होता, आणि गेलाही तिच्यापायीच, असं माझं मत आहे. डॉक्टरांचं वेगळं आहे.

अकोल्याला जठारपेठेत आमच्या वरच्या खोलीत तू आणि श्याम भाड्याने आलात तेव्हा दोघंही कोवळे शिपाई होतात. गल्लीतल्या एका बाईने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, वर बाबासाहेबांचा फोटो लागलाय, ठाऊक आहे ना? मी म्हटलं, ठाऊक आहे, खिळा मीच दिला. तू दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातला. आमच्या नळाचं पाणी पिऊन पहिल्या दिवशी म्हणालास, काकू, पाणी गोड आहे. श्याम भातकुलीचा, कास्तकाराचा पोरगा, तोंडाने फटकळ. तो जिना उतरला की सगळं घर जिना उतरल्यासारखं वाटायचं. तू कधी उतरलास ते कळायचंच नाही. मागे उभा राहून "काकू" म्हणायचास आणि माझ्या हातातलं पातेलं खाली. श्याम तुला म्हणायचा, "देवमन्या, तू भूतखात्यात भरती व्हाचा, चुकून पोलिसात आला."

तुला स्प्रिंगांचं वेड होतं. दाराची स्प्रिंग, टॉर्चची, भिंतीवरच्या घड्याळाची. कानाशी धरून हळूच दाबायचास आणि म्हणायचास, ही थकली. मी चिडायचे. बी.एस्सी. झालेली बाई मी, लोखंडाला थकवा येतो वगैरे मला शिकवतोस का? "लोखंडच थकते काकू," तू म्हणायचास. "माणूस निदान सांगून तरी देते."

पुढे तू आर्मोररच्या शिक्षणाला गेलास, म्हणजे हत्यारं तपासणारा आणि दुरुस्त करणारा झालास. मग तुम्हा दोघांची बदली अमरावतीला झाली. तू शस्त्रागारात मदतनीस, श्याम चिखलदऱ्याच्या घाटात गस्तीवर. सागवान तोडून नेणारे, रस्त्यात आडवं झाड टाकून गाड्या थांबवणारे, त्यांच्यासाठी ती गस्त. एका पावसाळ्यात श्याम त्याच घाटात, एका वळणावर मेला. समोरून गावठी भरमार बंदुकीचा बार आला तेव्हा त्याच्या रायफलीतून एकच गोळी सुटली होती. दुसरी वर आलीच नाही, अडकून बसली. चौकशीत मॅगझीनचा दोष निघाला आणि प्रकरण मिटलं. तू अकोल्याला आलास, जिन्याच्या पायरीवर बसलास, चहावर साय धरू दिलीस आणि तसाच निघून गेलास. मी विचारलं नाही. मित्र गेला की माणूस बसतो असा, असं मला वाटलं.

मग वर्षं गेली. तुझं मायाशी लग्न झालं, मुलगी झाली, शस्त्रागार तुझ्या ताब्यात आलं. तुझ्या हातून निघालेली रायफल कधी अडली नाही, असं तुझे साहेब म्हणायचे. मॅगझीन भरून झालं की तू ते उजेडाकडे धरायचास. तुमची ती मॅगझीन्स पिवळट प्लास्टिकची, आरपार दिसणारी. आत पितळेची रांग दिसते आणि वर थोडी मोकळी जागा. ती मोकळी जागा तू बोटाने दाखवायचास. पोट तुडुंब भरलं की माणूस जागचा उठत नाही, तसं मॅगझीनचं आहे, वीस कोंबले की खालची स्प्रिंग दबून बसते, वरचा राऊंड वेळेवर वर ढकलत नाही. अठरा भरले की तिला श्वास राहतो. हे शस्त्रागारातल्या जुन्या उस्तादाने तुला शिकवलं होतं. फक्त एक मी पाहिलं होतं. "दोन कमी" हे शब्द तू कधी उच्चारायचा नाहीस. दुसरं कोणी म्हणालं, तर तू खोलीतून उठून जायचास.

निवृत्ती जवळ आली तेव्हा साहेबांनी तुझं लेखी मत मागितलं. रायफल तीच, पण तिला दोन मॅगझीन बसतात. एक आखूड, वीसचं. दुसरं लांब, वाकडं, तीसचं. घाटातल्या गस्तीला कायमचं कोणतं द्यायचं? पोरांना तीसचं हवं होतं. पोरांत सगळ्यांत पुढे रोहित, मायाचा धाकटा भाऊ, नुकताच त्याच गस्तीवर लागलेला.

त्या रविवारी तू अकोल्याला आलास आणि माझ्या अंगणात पोटावर निजलास. हातात खराट्याचा दांडा, ही रायफल. दांड्याखाली उभा धरलेला दोडका, हे तीसचं मॅगझीन. शेजारचे खुशालराव कंपाउंडवरून डोकावून म्हणाले, पोराला फिट आली का?

"नाही," मी म्हटलं, "सरकारी काम चालू आहे."

तू खालूनच समजावत होतास. "लांब मॅगझीन उभ्या माणसाचं काम आहे काकू. निजलेल्या माणसाले ते जमिनीत टेकते. मंग रायफल वर येते. रायफल वर आली का डोकं वर येते. अन् डोकं वर आलं का संपलं." जीपमध्ये बसताना ते दाराला अडकतं, उतरताना सीटला, रेनकोटात गुंततं, हेही सांगितलंस. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणून उठून बसलास, शर्टाला माती तशीच. ज्याच्या हातात तीस आहेत तो तीस उडवतो. ज्याच्या हातात अठरा आहेत तो आधी बघतो.

मी म्हटलं, हे सगळं कबूल, पण पोरांची हौस मोडायची कशाला? तीसचं दे, अठ्ठावीस भर. तेच की, दोन कमी.

तुझा चेहरा असा उतरला की मी दोडका उचलून आत गेले आणि भाजीला चिरला.

तू लिहून दिलंस: वीसचं, अठरा भरून. साहेबांनी मान्य केलं. रोहित तुझ्या घरी येऊन ताटावर बसूनच तुला म्हणाला, "भाऊजी, राऊंड काय तुमच्या शेतात पिकतात? दोन-दोन वाचवून कोणाच्या लग्नात उडवता?" मायाने मला हे फोनवर सांगितलं. तू ताटावरून उठून गेलास म्हणे, आणि हात धुऊन परत आलास तो थेट झोपायच्या खोलीत.

श्रावणात घाटात धुकं असं उतरतं की जीपचं बॉनेट दिसत नाही. दुपारची वेळ होती. श्याम मेला त्याच वळणावर रस्त्यात एक जाड फांदी पडलेली होती. ड्रायव्हर किशोर आणि दुसरा शिपाई ती ओढायला पुढे गेले, रोहित जीपच्या बाजूला रायफल घेऊन उभा राहिला. फांदीची कड करवतीने कापलेली आहे हे किशोरने ओरडून सांगितलं तेवढ्यात दरीच्या अंगाने माणसं वर आली. भरमारीचा बार झाला. किशोर आणि दुसरा जीपखाली घुसले. रोहित एका गुडघ्यावर बसला आणि मारत सुटला. दिसत काही नव्हतंच, तो धुक्याला मारत होता. रायफल रिकामी झाली. चाप नुसता खट् वाजला. त्याने मॅगझीनकडे पाहिलं, आत काही नव्हतं, पलीकडचं धुकं दिसत होतं. समोरच्यांनीही तो खट् आवाज ऐकला. ते चालत पुढे आले, पळत नाही, चालत.

आणि मग रोहितच्या हातातली रिकामी रायफल दोनदा उडाली.

हे तू मला सांगत होतास तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि मी उठून गॅस बंद केला. तू थांबलास. मी परत येऊन बसले. मीच म्हटलं, पोरगा घाबरला होता, मोजण्यात चुकला. आत दोन असतील.

तू मान हलवलीस. मॅगझीन तू स्वतः भरलं होतंस, उजेडाकडे धरलं होतंस. पण प्रश्न रोहितच्या सांगण्याचा नव्हता. गोळीबार झाला की रिकाम्या पुंगळ्या गोळा करून शस्त्रागारात जमा करायच्या असतात. धुकं उठल्यावर त्यांनी रस्त्यावरच्या सगळ्या पुंगळ्या वेचल्या आणि संध्याकाळी तुझ्या टेबलावर ओतल्या. अठरा द्यायच्या होत्या. वीस निघाल्या. वीसही रोहितच्याच रायफलीतल्या. प्रत्येकीच्या बुडावर त्याच पिनेचा ठसा. पुंगळीच्या बुडावर ती कधी बनली ते साल कोरलेलं असतं. अठरांवर अलीकडचं साल होतं. उरलेल्या दोनांवर जुनं, श्याम ज्या वर्षी मेला ते. त्या सालातला माल केव्हाच संपला होता, तुझ्या शस्त्रागारात त्यातला एकही राऊंड नव्हता.

ते चोर पळाले होते, त्यातला एक जखमी होऊन परतवाड्याच्या दवाखान्यात सापडला, मांडीत गोळी. त्याने जबाब दिला तोही तू मला सांगितलास. त्याचं म्हणणं, पोलिसाची बंदूक रिकामी झाली म्हणून आम्ही पुढे गेलो. पण त्याच्या मागे दुसरा पोलीस वाकून उभा होता, रेनकोटातला. त्याने पहिल्याच्या खांद्यावरून हात पुढे घातला आणि दोन टाकल्या. असा दुसरा पोलीस तिथे नव्हता. बाकीचे दोघं जीपखाली होते.

मी तुला म्हटलं, चोराच्या बोलण्यावर जायचं का आता? तू म्हणालास, "आमच्या आज्यानं छप्पन साली घरातले देव विहिरीत सोडले काकू. भूत, बाधा, अंगात येणं, काही मानत नाही आमी. मी मुलीले तेच शिकवलं. आता मी कोणाले विचारू?"

मग तू सांगितलंस. इतकी वर्षं जे पोटात ठेवलं होतंस ते, अगदी हळू आवाजात, टेबलक्लॉथकडे पाहत. त्या दिवशी सकाळी श्यामचं मॅगझीन तू भरत होतास. अठरा झाले. श्याम खिडकीत कोपर टेकून उभा. तो म्हणाला, दोन कमी काऊन बे? तुझ्या बायकोच्या आंदणात चालले काय? तू तेव्हा बिनलग्नाचा. तू हसलास, आणि दोस्ताच्या मायेने, उस्ताद पाहत नाही असं बघून, आणखी दोन आत दाबलेस. घे, तुला पूर्ण वीस. तो खूश होऊन गेला.

हत्यार जमा करायला शस्त्रागारातून तुलाच त्या वळणावर पाठवलं. श्याम रस्त्याच्या कडेला चादरीखाली होता. नोंद अठराची होती, उडालेली एक धरून रायफलीबरोबर वीस. पंचनाम्याआधी तू जीपच्या मागे गेलास, मॅगझीनमधून दोन राऊंड काढलेस आणि दरीत फेकून दिलेस. हिशेब जुळला. दोष मॅगझीनचा ठरला.

"तेच दोन आहेत काकू. त्यानं वापस केले."

मला राग आला होता आणि तो कशावर काढावा हे कळत नव्हतं. पितळ इतके पावसाळे दरीत पडून हिरवं होतं, त्यातली दारू भिजते, हे मी तुला सांगितलं. तू म्हणालास, हो, मीही तेच म्हणतो. त्या दोन पुंगळ्या नव्या पितळेसारख्या चकचकीत होत्या आणि त्यांना ताज्या दारूचा वास येत होता. माझ्याकडे बी.एस्सी.तलं आणखी काही उरलं नव्हतं.

तुझे साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी तुला सोपी वाट दाखवली. देवमन, भरताना हात चुकला, वीस भरले गेले, एवढं लिहून दे, निवृत्तीच्या तोंडावर कोणी काही म्हणणार नाही. आणि जाता जाता म्हणाले, वीस पूर्ण भरूनही रायफल अडली नाही ना? उलट त्या दोन होत्या म्हणून पोरगा वाचला. मग अठराचा हट्ट सोड. आता तीसचंच देऊ, पूर्ण भरून.

तू कात्रीत सापडलास तो इथे. लिहून दिलं असतंस तर रोहित सुटला असता, आणि दुसऱ्या दिवसापासून घाटातला प्रत्येक पोरगा तुडुंब भरलेलं मॅगझीन घेऊन गेला असता, श्यामने नेलं होतं तसं. नाही लिहून दिलं तर वरचे दोन राऊंड रोहितच्या माथ्यावर. सरावाच्या वेळी चोरून ठेवले म्हणाले असते, आणि पोराची नोकरी गेली असती. रोहित तुझ्या पायाशी बसून म्हणत होता, भाऊजी, मी नाही टाकले. ते तुला ठाऊकच होतं.

मी विचारलं, मग करणार काय?

"खरं लिहितो. ते दोन राऊंड माहे होते. मीच जास्त भरले, मीच काढले, मीच फेकले. म्हणून श्याम मेला, अन् म्हणून अठराच भराचे. पेन्शन गेलं तर गेलं."

"आणि ते दरीतून रोहितच्या रायफलीत कसे आले, हे कोणत्या रकान्यात लिहिशील?"

"कसे आले ते नाही लिहणार काकू. कोणाचे होते ते लिहतो."

मला हे पटलं. तुझ्या सगळ्या आयुष्यात तू एवढं सरळ वाक्य माझ्यासमोर पहिल्यांदा बोललास. पोळा झाला की जबाब द्यायचा असं साहेबांनी ठरवून दिलं होतं. पण जबाब देण्याआधी तुला एक काम करायचं होतं. भातकुलीला श्यामची आई आहे, मनकर्णाबाई. म्हातारी एकटी राहते. पोराला सरकारी मॅगझीनने दगा दिला, असंच ती आजवर धरून बसलेली. तू दर दिवाळीला तिच्याकडे जात होतास, लुगडं देत होतास, ती तुझ्या तोंडावरून हात फिरवत होती. आता दुसऱ्या कोणाकडून तिला कळण्याआधी तुझ्या तोंडून कळायला हवं होतं. आणि एकट्याने तुला ते जमणार नव्हतं.

"तुमी फक्त बसा काकू. बोलीन मीच. तुमी बाजूले असल्या का मी उठून जाणार नाही."

मी म्हटलं, चल. आजच चल. तू म्हणालास पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तेव्हा सुट्टी आहे. मी म्हटलं, तो करीचा दिवस, आमच्याकडे त्या दिवशी कोणी चांगल्या कामाला बाहेर पडत नाही. तू पहिल्यांदाच थोडा हसलास. हे चांगलं काम कुठे आहे, म्हणालास.

करीच्या दिवशी मी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरले आणि ठरल्याप्रमाणे अमरावतीच्या बसस्टँडवर येऊन बसले. तू मोटारसायकलने येणार होतास, ती स्टँडवर ठेवून पुढे दोघांनी भातकुलीची बस. तू आला नाहीस. फोन वाजत राहिला. मी भातकुलीच्या बसेस जाताना पाहत राहिले आणि मनात तुला शिव्या देत राहिले, हे तुला कळलेलं बरं. दुपारी मायाचा फोन आला.

तिने नंतर सांगितलं ते असं. तू वेळेवर तयार झाला होतास, पांढरा शर्ट, केस विंचरलेले. चपला घालत असताना रस्त्यावरून कोणी तरी "देवमन्या" अशी हाक मारली. मायाला वाटलं मुख्यालयातलं कोणी असेल. तिला एवढंच विचित्र वाटलं की त्या नावाने तुला हाक मारणारं माणूस तिने लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. तू हाकेला "आलो" म्हणालास आणि गेलास. मोटारसायकल परतवाड्याच्या, म्हणजे घाटाच्या, दिशेने गेल्याचं कोपऱ्यावरच्या चहावाल्याने पाहिलं. मागे कोणी बसलं होतं का, यावर तो अजून अडखळतो.

घाटाच्या त्या वळणावर, रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर तू बसलेला सापडलास. पर्यटकांच्या एका गाडीने पाहिलं. त्यांना वाटलं देखावा बघतोय. हृदयविकाराचा झटका, डॉक्टर म्हणाले. तुझ्या शेजारी कठड्यावर कोरडी जागा होती, माणूस बसेल एवढी. बाकी सगळा कठडा पावसाने ओला. हे मला रोहितने सांगितलं. तोच आधी पोचला होता. मी त्याला म्हटलं, हे मायाला सांगू नकोस.

जबाब द्यायला तू राहिला नाहीस, म्हणून मेलेल्याच्या नावावर सोपं उत्तर टाकून प्रकरण संपवलं. भरताना चूक, वीस भरले गेले. रोहितने साहेबांना सांगितलं, अठराच होते, मी शपथेवर सांगतो. साहेब म्हणाले, गप बस, तुझी नोकरी वाचली आहे. आता घाटात तीसचं मॅगझीन जातं, पूर्ण भरून. रोहित मात्र जीप निघाल्यावर वरचे दोन काढून खिशात ठेवतो आणि परत येताना पुन्हा आत दाबतो. मी त्याला बोलले, पकडला गेलास तर? तो म्हणाला, काकू, बाकीची पोरंही आता तसंच करायला लागली आहेत. कोणी कोणाला विचारत नाही. म्हणजे तुझं मत कागदावर हरलं आणि खिशांत चाललंय. यावर समाधान मानायचं की नाही, ते तू ठरव.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

तुला वंदना करून, निरोप देऊन मी अकोल्याला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईला फोन केला. आपण करीच्या दिवशी येणार असं तू तिला कळवलं होतंस, म्हातारी वाट पाहत राहिली असेल, निदान का आलो नाही ते सांगावं. मी म्हटलं, बाई, आमचं येणं झालं नाही.

ती म्हणाली, "तुमी नाही आल्या. देवमन आलता ना."

मी विचारलं, कधी?

"करीच्या दिवशीच. उन्हं कलली होती. ओट्यावर बसला, पाणी पेला. तोंड उघडे अन् मिटे, बोले काही नाही."

मला माहीत होतं त्या वेळी तू कुठे होतास. मी तिला विचारलं, एकटाच होता का?

"नाही, संगं एक होता. बाभळीखाली उभा राह्यला, पाठमोरा. म्या म्हटलं, बाप्पा, आत ये, पाणी पे. नाही आला."

म्हातारीची नजर अधू आहे, मी स्वतःला सांगितलं. बाभळीखाली बैल असेल, शेजारी असेल. मग मी नको तो प्रश्न विचारला. देवमन जाताना काही म्हणाला का?

"म्हणे, माय, एक सांगाचं आहे. पण काकू येतीन मंग सांगतो. काकू बाजूले बसल्या का सांगतो."

तिला तुझं कळलेलंच नव्हतं. मी सांगितलं, देवमन गेला. ती म्हणाली, बरं, पण तुमी कधी येता?

मी म्हटलं, येते.

पोळ्यामागे दसरा गेला, दिवाळी गेली, भातकुलीकडे तुरीला शेंगा धरल्या असतील. म्हातारी अधूनमधून फोन करते. तक्रार नाही करत, नुसतं विचारते, येता काय बाई, तो रोज संध्याकाळी बाभळीपर्यंत येतो अन् तुमी नाही म्हणून फिरून जातो. सकाळची गाडी रोज आहे. मी दोनदा पिशवी भरली, एकदा तर अकोला स्टेशनपर्यंत गेले. मला जमत नाही देवमन. मी त्या ओट्यावर जाऊन बसले की बोलायचं तुला आहे, आणि मला तुझ्या बाजूला बसावं लागेल.